प्रजागर

महाभारताच्या उद्योगपर्वात ‘प्रजागर’ नावाचे उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे झोप उडणे. पांडवांकडून परतलेला संजय त्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी सभेत सांगणार असतो आणि त्या धास्तीने धृतराष्ट्राला रात्रभर चैन पडत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. झोप कोणाकोणाची उडते ते विदुर आधी सांगतो: बलवानाने घेरलेला साधनहीन दुर्बळ, ज्याचे धन हिरावले गेले तो, कामातुर आणि चोर. मग राजाला विचारतो, यांपैकी एखादा महादोष तर तुम्हाला शिवला नाही ना? परक्याच्या धनाचा लोभ तर जाळत नाही ना?

प्रश्न धृतराष्ट्राला नेमका लागू पडतो. यादी मात्र विचित्र आहे. चोर आणि ज्याचे चोरीला गेले तो, दोघे एकाच पंगतीला बसले आहेत आणि ‘दोष’ हा शब्द दोघांच्याही पानात वाढला आहे. पुढच्या नीतिविचाराला यादीचा उत्तरार्धच जास्त आवडलेला दिसतो. अंगुत्तरनिकायात हत्थक नावाचा गृहस्थ बुद्धाला विचारतो, ऐन थंडीत पाल्यापाचोळ्यावर झोप कशी लागली? उत्तर असे की राग, द्वेष आणि मोह यांचा दाह शमला आहे, म्हणून सुखाने लागली. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीचाही हिशेब फार वेगळा नाही. जागा राहणाऱ्याचे काहीतरी चुकलेले असणार, असे त्यात गृहीत धरलेले असते.

लहान मूल या हिशेबात बसत नाही. विदुराच्या यादीतला पहिला माणूस, बलवानाच्या तावडीतला साधनहीन दुर्बळ, तो मात्र हुबेहूब तेच आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या आघातांचा मोठा अभ्यास केला; त्याचे पहिले निष्कर्ष 1998 मध्ये आले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड अशा अनुभवांची त्यात नोंद होती. त्यातल्या 17,000 हून अधिक प्रौढांच्या माहितीवरून 2011 मध्ये असे दिसले की पाच किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत झोप न लागण्याची वा मध्येच मोडण्याची तक्रार सुमारे दुपटीने आढळते. ही माहिती मोठेपणी आठवून सांगितलेली, त्यामुळे तिच्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी संबंध जुळतो कसा, हे एखाद्या घरात डोकावले तर कळते. बाप पिऊन येणार असेल तर मूल गोधडीत तोंड खुपसून ऐकत राहते: जिन्यावरची पावले, चप्पल काढली की भिरकावली, कडी लावली की आपटली. तेवढ्यावरून त्याला पुढची रात्र कळते. तीस वर्षांनी त्याच मुलाच्या स्वतःच्या फ्लॅटबाहेर लिफ्टचे दार वाजते आणि तो टक्क जागा होतो. भीती वाटण्याच्याही आधी कान जागे झालेले असतात.

मन थकून इंद्रिये विषयांपासून मागे फिरली की झोप येते, असे चरकसंहिता मानते. इथे मन थकते, कान मागे फिरत नाहीत. आजचे निद्राशास्त्र याला अतिजागृती म्हणते. ताणाला प्रतिसाद देणारी शरीराची यंत्रणा लहानपणी सतत ताणली गेली की ती पुढेही चटकन पेटते. पतंजलींच्या योगसूत्रांत निद्रा हीसुद्धा चित्ताची एक वृत्तीच आहे, आणि प्रत्येक वृत्ती संस्कार मागे ठेवते. क्लेश सुप्त राहून निमित्त मिळताच जागे होतात, हेही तिथे सांगितले आहे. प्रसंग विसरला तरी सवय का उरते, याचे हे बरेच चांगले उत्तर आहे.

अडचण पुढे येते. त्याच ग्रंथात जन्म, आयुष्य आणि भोग हे पूर्वकर्माचे फळ ठरते. मग त्या गोधडीतल्या मुलाच्या वाट्याला आलेली रात्र त्याचीच कमाई म्हणायची काय? असे म्हटले की मार खाणाऱ्यावर दोषही लादला जातो, आणि विदुराच्या यादीतला घोटाळा जन्मांतरापर्यंत लांबतो. कर्मविचाराची ही बाजू दुबळी आहे. पण टाळायचे ते अजून न आलेले दुःख, असेही पतंजलीच सांगतात. निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराचा रोखही तिकडेच असतो: भूतकाळाचा झाडा न घेता अंथरूण, वेळा आणि जागेपणीच्या सवयी बदलायच्या.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला गाढ झोपेचे वर्णन करतात. तिथे पित्याचे पितेपण उरत नाही, मातेचे मातेपण उरत नाही, चोराचे चोरपणही गळते. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ही नाती कर्मामुळे जडलेली असतात आणि सुषुप्तीत कर्माची पकड सुटते. म्हणजे आधी झोप, मग नात्यापासून सुटका. कडीच्या आवाजावर वाढलेल्या माणसापुढे हा क्रम उलटा उभा राहतो. जिन्यावरचा बाप बाप राहिनासा झाल्याशिवाय त्याला त्या झोपेत शिरता येत नाही.