ऑनलाइन समुदाय वाढतो कशाने?

एकमेकांपासून दूर राहणारी, पण भाषा, व्यवसाय किंवा अडचण समान असणारी माणसे इंटरनेटच्या आधाराने परस्परांशी नियमित देवाणघेवाण करू लागली, म्हणजे ऑनलाइन समुदाय तयार होतो. केवळ एका ठिकाणी नावे नोंदवलेल्या लोकांना समुदाय म्हणता येत नाही. समुदायाचा प्रसार समाजमाध्यमांवरून करावा की त्यांच्याशिवाय, या प्रश्नाचे उत्तर या भेदावरच अवलंबून आहे. कारण सभासदसंख्या हेच उद्दिष्ट मानले तर ही माध्यमे अटळ वाटतात, आणि देवाणघेवाण हे उद्दिष्ट मानले तर त्यांचे स्थान दुय्यम ठरते.

मराठीपुरते पाहिले तर याचा पुरावा हाताशी आहे. परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकारातून 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले आणि फेसबुक सर्वांसाठी खुले झाले ते २००६ साली. म्हणजे पहिली दहा वर्षे या समुदायाने फेसबुकच्या आधाराशिवायच काढली. त्या काळात युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, मराठीत अजून रुळलेली नव्हती, त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर वाचता येईल याची खात्री नसे. तरीही माणसे येत राहिली, कारण एकाने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने दिलेले उत्तर तिथेच जपून राहत होते, आणि तीच अडचण घेऊन पुढे येणाऱ्याला ते सापडत होते. दिवाळी अंक, गणेशोत्सवातले उपक्रम, पावसाळ्यातला वर्षाविहार आणि गावोगावची 'गटगं', म्हणजे सभासदांचे मेळावे, यांमुळे पडद्यावरची ओळख प्रत्यक्ष भेटीत उतरली, आणि भेटलेला माणूस आणखी दोघांना घेऊन आला. २००४ मधले 'मनोगत' आणि २००७ मधले 'मिसळपाव' ही संकेतस्थळेही मुख्यतः अशाच तोंडी शिफारशीवर आणि साठलेल्या लेखनावर वाढली. जपून ठेवलेले उत्तर ही समुदायाची सर्वांत टिकाऊ जाहिरात असते.

याउलट ऑर्कुटचे झाले. २००४ साली आलेल्या या माध्यमावर मराठी गाणी, गडकिल्ले, कविता अशा विषयांचे समूह झपाट्याने वाढले, परंतु ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते चालवणाऱ्या कंपनीने ते बंद केले आणि त्या समूहांचे चालते जीवन त्याच दिवशी संपले. सभासदांचा त्यात काही दोष नव्हता. जागा त्यांची नव्हती, एवढेच. जागा चालू राहिली तरी नियम बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तमित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा संस्थांच्या पानांवरचा मजकूर त्यांच्याच अनुयायांना कमी दिसू लागला. ज्यांनी आपल्या वाचकांशी दुसरा कोणताही संपर्क राखला नव्हता, त्यांच्या हाती काही उपाय उरला नाही.

हा विचार यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्याला लावून पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तिथे समुदायाची गरज करमणुकीची नाही. कापूस हे या भागाचे मुख्य पीक. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधासारख्या रसायनाने नर पतंग त्यांत अडकतात, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय करण्याची वेळ आली, असे मानले जाते. शेजारच्या शिवारात किती पतंग सापडले, डोमकळ्या म्हणजे अळीमुळे न उमललेली गुलाबाच्या कळीसारखी फुले कुठे दिसली, ही माहिती चार-पाच गावांपुरतीच आणि दोन-तीन दिवसांपुरतीच मोलाची असते. हजारो अनोळखी लोकांपर्यंत ती पोचवून काहीच साधत नाही, आणि समाजमाध्यमांची सारी रचना तर हजारोंपर्यंत पोचण्यासाठीच केलेली आहे.

म्हणून अशा समुदायाचा प्रसार शेतीशाळेत, ग्रामसभेत, आठवडी बाजारात, जिनिंगच्या आवारात गाड्यांच्या रांगेत, आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याच्या शिवारफेरीतच व्हायला हवा, कारण तिथे सांगणाऱ्याचे शेत ऐकणाऱ्याला माहीत असते. कृषी सेवा केंद्रांची मदत घ्यायला हरकत नाही, पण औषध विकणाऱ्याकडे फवारणी करावी की नाही हा निर्णय सोपवणे घातक आहे, आणि समूहाची सूत्रे त्याच्या हाती असू नयेत.

ओळखीला इतके महत्त्व देण्याचे आणखी एक कारण महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने बिथरलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. समुदाय वाढवताना वेगाचे कौतुक करणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

मारेगाव तालुक्यातील कोलाम पोडांचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांचा विचार केला तर प्रश्न आणखी खोल जातो, कारण लिखित मराठीवर चालणारा समूह त्यांना आपोआप बाहेर ठेवतो. छत्तीसगडमधून २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमात साध्या फोनवरून आपले म्हणणे गोंडीसारख्या भाषेतही नोंदवता येते, तपासणीनंतर ते इतरांना फोनवरच ऐकता येते, आणि त्यासाठी स्मार्टफोन किंवा साक्षरता लागत नाही. कोलामी या त्यांच्या भाषेत असे काही उभे करणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. उणीव आहे ती रोज ऐकून, पडताळून उत्तर देणाऱ्या माणसांची.

समाजमाध्यमांवर बहिष्कार घालावा, असा याचा अर्थ नाही. गावात कोणाची ओळख नसलेला, नव्याने शेती करू लागलेला तरुण पहिल्यांदा तिथेच शोध घेईल, तेव्हा समुदायाचा पत्ता सांगणारी पाटी तिथे असावी. मात्र प्रश्नोत्तरांचा साठा आणि सभासदांची यादी समुदायाच्या स्वतःच्या ताब्यात राहावी. मारेगावात असे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी, शेतकरी गटांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी येत्या खरिपापूर्वी तीन-चार गावांची सापळ्यांची नोंद एकत्र ठेवण्यापासून सुरुवात करावी, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर मिळेल इतकी माणसे जमल्याशिवाय पाचवे गाव जोडू नये.