नियम कोणाचा, वेग कोणाचा

शनिवार-रविवारी पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या उर्से टोल नाक्यावर थबकतात. मोटार, बस की ट्रक, हे ठरलं की टोल ठरतो. इंटरनेटचा राउटरही प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याची, अशीच वर्गवारी करतो. मात्र तो पाच गोष्टी ताडून पाहतो: पॅकेट कोणत्या पत्त्यावरून आलं, कुठे चाललं, दोन्हीकडचे पोर्ट कोणते आणि प्रोटोकॉल कोणता. मग नियम लागू होतो: जाऊ दे, अडव किंवा आधी सोड. 100 गिगाबिटच्या लाइनवर लहानात लहान पॅकेटं सलग आली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम 6.7 नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा दोनच मीटर जातो.

हजारो नियमांची यादी वरून खाली वाचायला इथे सवडच नाही. टीकॅम नावाची मेमरी सगळे नियम एकदम ताडते, पण ती महाग आणि वीज खाणारी. पंकज गुप्ता आणि निक मॅकेऑन यांनी 1999 मध्ये हायकट्स ही वेगळी रीत मांडली. प्रत्येक नियम हा पाच मितींच्या अवकाशातला ठोकळा आणि पॅकेट हा त्यातला बिंदू. हे अवकाश आधीच कापत जायचं, एकेका तुकड्यात मोजकेच नियम उरेपर्यंत. या कापांचं एक झाड तयार होतं; पॅकेट आलं की त्याच्या थोड्या फांद्या उतरून उत्तर मिळतं. कापावर आडवा येणारा नियम मात्र दोन्ही तुकड्यांत लिहावा लागतो, म्हणून मेमरी फुगते. आयआयटी मुंबईत शिकलेले जॉर्ज वर्गीस आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी सारख्या घडणीच्या नियमांचे गट करून शोधण्याची पद्धत मांडली.

दोन्हींचं मर्म एकच: डोकं आधी चालवून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी विचार करावा लागत नाही. पण म्हणूनच सगळी जबाबदारी नियम लिहिणाऱ्यावर येते. सायबर हल्ला रोखणारा नियम आणि पैसे मोजणाऱ्या कंपनीचा व्हिडिओ पुढे काढणारा नियम, दोन्ही तितक्याच वेगाने पाळले जातात. दूरसंचार नियामक ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगळे दर लावायला मनाई केली. 2018 मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरच्या वाहतुकीत भेदभाव न करण्याची, तत्त्वं स्वीकारली. तरी टोलचे दर फलकावर वाचता येतात, राउटरमधला नियम ग्राहकाला दिसत नाही. डावललेल्या माणसाला एवढंच कळतं की पान उघडायला वेळ लागतोय. त्याने दाद तरी कशाविरुद्ध मागायची? म्हणून वाहतुकीला अग्रक्रम देण्याचे निकष कंपन्यांनी सोप्या भाषेत जाहीर करायला हवेत, आणि प्रत्यक्ष यंत्रात तेच चालतात का, हे नियामकाने तपासायला हवं.