अण्णांना ठाऊक होतं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या पौर्णिमेला आम्ही इंदूर केंद्रातली पाच-सहा माणसं महाराजांच्या दर्शनाला गेलो होतो. बोलता बोलता अण्णांच्या कानाचा विषय निघाला. ऑपरेशन नीट झालं, मशीन बसलं, समोरचा काय बोलतो ते अण्णांना आता कळतं, असं आम्ही मोठ्या आनंदाने सांगितलं. मग आमच्यातल्याच एकाने हळूच जोडलं, "पूर्वी थोडंफार आपलं आपण ऐकू यायचं, ते मात्र गेलं." महाराज क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "हे जाऊ शकतं, हे त्यांना ठाऊक होतं का?"

कोणीच काही बोललं नाही. अण्णांना ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं.

अण्णांना विचारूनच हे लिहितो आहोत. पूर्ण नाव नको, एवढंच ते म्हणाले. "अण्णा" चालेल, अण्णा घरोघरी असतात.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. अण्णांचा डावा कान लहानपणीच्या तापातच गेला. सगळं आयुष्य उजव्या कानावर निघालं, आणि साठीनंतर तोही उतरत गेला. पण तो सरसकट गेला नाही. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्या तोंडाशी उंच, बारीक आवाज टिपले जातात आणि अगदी आतल्या टोकाला खर्जातले, जाड आवाज. अण्णांचं तोंडाशी असलेलं सगळं गेलं होतं, आतलं थोडं शिल्लक होतं. स, श, त, क ही व्यंजनं उंच आवाजांत बसतात, स्वरांचं वजन खालच्या आवाजात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे अण्णांना कळायचं, काय बोलतंय ते नाही. कानामागचं साधं यंत्र आवाज मोठा करायचं, पण जिथे टिपणारंच काही उरलं नाही तिथे मोठा आवाज काय कामाचा?

मात्र पखवाज ऐकू यायचा. चाळीस वर्षं आपल्या गुरुवारच्या भजनाला अण्णांचा पखवाज आहे. डाव्या पुडीला कणीक लावून ते थाप मारायचे, तो घुमारा त्यांच्या त्या उरलेल्या कानात पोचायचा. शाईची बाजूसुद्धा ते स्वतः सुरात लावत. बोललेलं अक्षर कळत नसलेला माणूस पखवाज सुरात लावतो, हे नवख्यांना खोटं वाटायचं.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये त्या शंखाच्या नळीत एक बारीक तार सरकवतात. तारेवर बारा ते बावीस टोकं असतात, ती थेट श्रवणाच्या नसेला विजेचे झटके देतात, आणि मेंदू हळूहळू त्यातून शब्द ओळखायला शिकतो. अडचण एवढीच की आतली रचना फार नाजूक. तार सरकताना, किंवा नंतर सूज येऊन, व्रण धरून, जे नैसर्गिक ऐकणं शिल्लक होतं ते कमी होऊ शकतं किंवा पार जाऊ शकतं. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. ते वाचावं म्हणून आता तारा मऊ नि पातळ केल्या आहेत, सर्जन ती अगदी हळू सरकवतात, स्टेरॉइडही देतात. काहींचं वाचतंही, आणि मग खालचे आवाज स्वतःच्या कानाने, वरचे मशीनने, असं दोन्ही मिळून चालतं. पण हमी कोणी देत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्याकडे बोट दाखवायला काही जागा नाही. त्या खोलीत अण्णा, त्यांचा मुलगा आणि आमच्यातले दोघे होते. डावा कान साठ वर्षं मुका, त्यात मशीनचा उपयोग फारसा व्हायचा नाही, म्हणून ऑपरेशन उजव्या कानाचंच, हे ठरलं. डॉक्टर बोलत होते आणि मुलगा अण्णांना वहीवर लिहून दाखवत होता. खर्च लिहिला, टाके लिहिले, किती दिवस राहायचं ते लिहिलं. हे एक वाक्य लिहिलं गेलं नाही. आम्ही दोघांनी ते पाहिलं. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "लिहिलं असतं तर बाबा नाही म्हणाले असते." आम्ही मान हलवली. महाराजांकडे आशीर्वाद मागायला गेलो तेव्हाही अर्धंच सांगितलं.

टाके भरल्यावर तिसऱ्या आठवड्यात मशीन सुरू झालं. सुरुवातीला सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी. चार महिन्यांत नातवाचं बोलणं समोरासमोर बसून कळायला लागलं. कमी गोष्ट नाही ही. वहिनी त्या दिवशी देवापुढे बसून रडल्या.

मशीन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी अण्णांनी पखवाज पुढे ओढला. डाव्या बाजूवर थाप मारली आणि थांबले. कणीक कोरडी झाली असेल असं त्यांना वाटलं. खरवडून काढली, ताजी लावली. पुन्हा थाप. पुन्हा काढली. तीनदा झालं. मग त्यांनी डोक्यावरचं ते चुंबकाने चिकटणारं बिल्ल्यासारखं काढून ठेवलं, पूर्वीसारखा उजवा कान पुढे केला, डोळे मिटले आणि जोरात थाप मारली. सगळा हॉल घुमला. अण्णांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं.

त्या नजरेला आम्ही काय उत्तर देणार होतो?

एका गुरुबंधूंचं म्हणणं पडलं की देवाने दिलेलं ते मोडून माणसाने केलेलं बसवलं, हीच चूक. आम्हाला हे पटत नाही. मग चष्मा काढा, कवळी काढा, पेसमेकर काढा. चूक मशीनची नाही.

आपण दान करतो तेव्हा आधी संकल्प सोडतो. तिथी, वार, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या गोत्राचा कोण, काय देतो आहे, हे सगळं मोठ्याने उच्चारून हातावरून पाणी सोडायचं. इतकी काटेकोर नोंद कशाला, असं लहानपणी वाटायचं. देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळलं पाहिजे, म्हणूनच ना? अण्णांनी थोडं देऊन पुष्कळ मिळवलं असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो, त्याला त्यागही म्हणत होतो. पण अण्णांनी काही दिलंच नव्हतं. ते त्यांच्याकडून गेलं, आणि जाताना आम्ही दाराशी उभे होतो.

वहिनींना हे सगळं फार रुचलं नाही, तेही लिहिलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "तुम्ही गुरुवारचे दोन तास येता. मी आठ वर्षं या घरात भिंतीशी बोलले. दूध उतू गेलं तरी सांगायला वही शोधायची. तुमच्या संकल्पासाठी मी अजून किती वर्षं थांबायचं होतं?" याला उत्तर आमच्याकडे नाही. पखवाज आमच्यासाठी जेवढा मोठा आहे तेवढा तो त्या घरात नाही, हे आम्ही विसरलोच होतो.

शेवटी आम्ही आणि मुलगा अण्णांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मशीन लावलेलं होतं, वही लागली नाही. अण्णा बराच वेळ पखवाजाची वादी चाचपत राहिले. म्हणाले, "विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं." मुलगा लगेच बोलला, "मग बाबा, फरक काय पडला?"

"आदल्या गुरुवारी मी घाईत वाजवलं," अण्णा म्हणाले. "सकाळची गाडी होती म्हणून आरती होताच उठलो. ठाऊक असतं तर थोडा बसलो असतो."

मुलाने त्यांच्या पायांवर हात ठेवला. आम्हाला तेही सुचलं नाही.

आता अण्णा वाजवतात. लय मशीनमधून नीट कळते, ठेका चुकत नाही. सूर कळत नाही. शाई लावून द्यायला रामबागेतला एक मुलगा अर्धा तास आधी येतो. रात्री मशीन काढलं की अण्णांना स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. पावसाळ्यात ढग गडगडले की वहिनी त्यांच्या हातावर थोपटून सांगतात.

हे आत्ताच लिहायचं कारण असं, की बडोदा केंद्रातल्या एका घरातून विचारणा आली. मुलगा दोन वर्षांचा, तोही तसाच, खालचे आवाज थोडे शिल्लक. डॉक्टर लवकर करा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, भाषा शिकायचं वय थांबत नाही. सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना मशीन मिळण्याची सोय आहे, ती माहिती आम्ही पाठवली. पण त्या आईचा प्रश्न वेगळा होता. दोन वर्षांच्या पोराला विचारायचं कसं?

आम्ही तो प्रश्न अण्णांकडे नेला, या वेळी पूर्ण. त्यांनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, ओठ दिसले की त्यांना सोपं जातं. पोर कशाकशाला वळून पाहतं ते त्यांनी एकेक करून विचारलं. दार आपटलं की, रस्त्यावरून ट्रक गेला की, आणि बाप उघड्या छातीशी धरून गुणगुणला की.

"मग तारीख येईपर्यंत रोज गुणगुणा," अण्णा म्हणाले. "त्याच्या लक्षात राहणार नाही. तुमच्या राहील."

ऑपरेशन फाल्गुनात आहे.

॥ जय गुरुदेव ॥