संशयाचा भार कोणी वाहावा?

मनुष्याची बुद्धी जेथे खुंटते तेथे आम्ही देवाला कौल लावतो. पाकळी उजवीकडे पडली की मनाचे समाधान होते. न्यायासनापुढे मात्र ही सोय नाही. सत्य कळण्याचा मार्ग उरला नसला तरी निवाडा द्यावाच लागतो. अशा वेळी संशयाचा भार कोणी वाहावा? अमेरिकेतील माजी सैनिकांची, हिपॅटायटिस सी या यकृतविकारासंबंधीची अपिले हाच प्रश्न विचारतात.

हा विकार रक्तावाटे शिरतो, पुष्कळदा वीस-तीस वर्षे मुकाट्याने राहतो आणि यकृत निबर झाल्यावर प्रकट होतो. व्हिएतनामचे युद्ध १९७५ साली संपले; या विषाणूचा शोध लागला १९८९ साली. ज्या रोगास नावच नव्हते, त्याची नोंद सैनिकाच्या दप्तरात सापडावी कशी? कोणास युद्धकाळी रक्त चढविलेले असते, कोणाचे हात जखमी सोबत्याच्या रक्ताने माखलेले असतात, कोणास रांगेत उभे करून एकाच जेट इंजेक्टरने लस टोचलेली असते. या यंत्राने संसर्ग झाल्याचा शास्त्रीय पुरावा नसला तरी तो संभवनीय आहे, असे तेथील माजी सैनिक खात्याने २००४ साली मान्य केले. परंतु संभव म्हणजे सिद्धी नव्हे.

येथे तेथील कायदा एक उदात्त नियम सांगतो: अनुकूल आणि प्रतिकूल पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर निर्णय सैनिकाच्या बाजूने द्यावा. ही दया आहे काय? आमच्या मते हे ऋण आहे. ज्या सरकारने सैनिकास रणात धाडले, लस टोचली आणि दप्तर राखले, त्याच्या दप्तराच्या मौनाची किंमत रुग्णाने मोजावी, हा न्याय नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली धर्मवीर सिंग खटल्यात, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर पुढील विकार सेवेमुळे नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

खरी कसोटी पुढेच आहे. अमेरिकेतील १९९० च्या दुरुस्तीनुसार व्यसनातून उद्भवलेल्या अपंगत्वास भरपाई नाही. मग पूर्वी मादक द्रव्याची सुई घेतल्याचे ज्याने डॉक्टरास प्रांजळपणे सांगितले, त्याचा दावा त्याच्याच सत्याने दुबळा होतो; जो गप्प बसला तो तरतो. नियमच अन्यायाचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु एक कारण कबूल झाले म्हणून दुसरी कारणे नाहीशी होत नाहीत. न्यायाधीशाने तोलायचे ते रोगाचे कारण, माणसाचे शील नव्हे. कबुली पारड्यात पडावी ती पुरावा म्हणून, शाप म्हणून नव्हे. अन्यथा सत्यास दंड आणि मौनास पारितोषिक दिल्याचा दोष न्यायासनास लागेल.