सभेतील क्रोध

राजकीय वक्त्याने श्रोत्यांच्या भावनेला हात घालावा की नाही, हा प्रश्न भावनेस हीन व बुद्धीस श्रेष्ठ ठरवून चटकन निकालात काढण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या भूमीत भक्ती हाच मोक्षाचा राजमार्ग मानला गेला, तेथील वाचकाला हा निकाल इतक्या सहजी पटू नये. खुद्द डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, धर्मातील भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, एवढे मान्य केले. राजकारणातील भक्ती मात्र अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले. देवळात जी तारक, ती सभेत मारक का व्हावी? मला वाटते, कीर्तनात द्रवलेल्या मनाचा भार ज्याचा त्यालाच वाहावा लागतो, आणि सभेत भडकलेल्या मनाची अंमलबजावणी मात्र तिसऱ्याच्याच मानेवर होते.

याचा एक जुना दाखला पाहा. ख्रिस्तपूर्व ४२७ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने, लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगराचे बंड मोडल्यावर, तेथील यच्चयावत प्रौढ पुरुषांचा वध करावा आणि बायकामुलांना गुलाम करावे असा ठराव क्रोधाच्या भरात केला आणि हुकूम घेऊन जहाजही रवाना केले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला. हा पश्चात्ताप कोणा वक्त्याने उत्पन्न केला असे इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगत नाही. ज्यांनी हात वर केले होते, त्यांनाच आपल्या निर्णयाचे क्रौर्य जाणवू लागले होते. पुन्हा सभा भरली, तेव्हा मूळ ठरावाचा पुरस्कर्ता क्लिऑन याने, वक्तृत्वाला भुलू नका, दयेला बळी पडू नका, अशी मोठ्या विवेकाची भाषा करीत आदल्या दिवसाचा संताप जागता ठेवण्याची शिकस्त केली. (भावनेची निंदा करून भावना चेतविण्याची ही विद्या आजही विस्मृतीत गेलेली नाही.) उलट डायोडोटस नावाच्या दुसऱ्या वक्त्याने करुणेचा आश्रय घेण्याचे नाकारून, इतक्या माणसांना मारण्यात अथेन्सचा लाभ नाही, एवढाच रोकडा हिशेब मांडला, आणि अल्पशा बहुमताने तो जिंकला. दयेची भीक मागितली असती, तर ज्यांना आपण दयाळू दिसू याचीच धास्ती होती, ते बहुधा क्लिऑनकडेच झुकले असते.

म्हणून वक्त्याने भावनेला साद घातली, हा माझ्या मते दोष नव्हे. ती शमण्यापूर्वीच तिच्याकडून हुकमावर शिक्कामोर्तब करून घेणे, हा दोष होय. मिटिलीनीकडे नवा निर्णय घेऊन निघालेले दुसरे जहाज पहिल्याच्या जवळजवळ एक अहोरात्र मागे होते; त्याच्या वल्हेकऱ्यांनी मद्य व तेलात कालविलेले सातूचे पीठ वल्ही मारता मारताच खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली, आणि सेनापती पॅकीझ पहिला हुकूम वाचून त्याची तामिली करण्याच्या बेतात असतानाच ते बंदरात पोहोचले. नगर वाचले, तथापि बंडाचे प्रमुख म्हणून अथेन्सला पाठविलेल्यांना क्लिऑनच्याच सूचनेवरून ठार करण्यात आले, आणि थ्युसिडिडीझने त्यांची संख्या हजाराहून थोडी अधिक दिली आहे.