नावाचा उच्चार कोणाचा?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. इंग्रजी ग्रंथांत तिचे वर्णन वाचताना इथलाच माणूस बुचकळ्यात पडतो. जिला आपण खेळणा किंवा केळणा म्हणतो ती नदी तेथे 'कैटना' होते, जुईची 'जुआ' होते, पिंपळगावाचे 'पीपुलगाव' होते. या लढाईत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७४ वीची तर भयंकर हानी झाली. पुढे असईचे नाव हत्तीच्या चित्रासह त्यांच्या निशाणांवर गेले आणि दूर स्कॉटलंडात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले. मात्र आपल्या उच्चाराने नव्हे.

गंमत अशी की, या स्कॉट लोकांच्या स्वतःच्या नावांचीही बाहेरच्यांनी तीच गत केलेली आहे. तेथील एक प्रसिद्ध आडनाव अक्षरे पाहून आपण 'मेन्झीज' असे वाचू. घरचा माणूस 'मिंगिस' म्हणतो. त्यात दिसणारा झेड हा मुळात झेड नव्हेच. जुन्या स्कॉट लिखाणात 'य'-'ग'च्या जवळच्या ध्वनीसाठी 'योख' नावाचे निराळे अक्षर होते. मुद्रकांच्या खिळ्यांत ते नव्हते, म्हणून दिसायला सारखा असलेला झेड त्यांनी बसवला. 'डॅल्झिएल' असे दिसणारे आडनाव 'डी-एल' आहे, तेही याचमुळे. 'मॅकेन्झी'तही मुळात झेड नव्हता. पण वाचणाऱ्यांचा रेटा असा की आज खुद्द स्कॉट लोकही तो झेडनेच उच्चारतात. एक खिळा नव्हता, आणि एका कुळाचे नाव पालटले! 'कोल्क्वहून' असे लिहिलेल्याचा उच्चार केवळ 'कहून' आहे, हे ऐकून जाफराबादकडच्या वाचकांना आपले 'काहून' आठवेल. कर्कूब्री या गावाचे नाव तर अक्षरांवरून कोणालाच साधणार नाही. उलट महाबळेश्वरच्या मालकम पेठेने आपल्या स्कॉट गव्हर्नराचे नाव बरोबर जपले. त्यातील दुसरा 'ल' तिकडेही कोणी उच्चारत नाही. अल्फिन्स्टनसाहेबांचे मात्र मराठी कागदांत 'अलपिष्टन' झाले. त्यांनी ते मनाला लावून घेतले नसावे. राज्यकर्त्याचे नाव मोडल्याने त्याची सत्ता जात नाही.

नाव वस्तूच्या स्वभावातून येते की माणसांच्या संकेतातून, हा वाद प्लेटोच्या 'क्राटिलस' या संवादात आहे. सेमिनरीत तो आम्हांस शिकविला गेला. परंतु नैतिक प्रश्न त्याहून साधा आहे: नावाचा अधिकारी कोण, कागद की ज्याचे नाव त्याचे तोंड? आमचे उत्तर निःसंशय 'तोंड' असे आहे. माणसाला प्रथम आईच्या तोंडून नाव ऐकू येते. कागद त्याची नक्कल करतो.

तथापि या उत्तराला एक धार आहे आणि ती जपून हाताळावी लागते. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावतात. 'सिब्बोलेथ' म्हणणारा एफ्राईमी ठरतो आणि तेथेच मारला जातो. शुद्ध उच्चार हा असा तलवारीचा नाका होऊ शकतो. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या खेड्यातल्या पोराला शहरात हसतात, तेव्हा तोच नाका लहान प्रमाणावर उभा असतो. परक्याची जीभ अडखळणे हा दोष नव्हे. सांगितल्यावरही ऐकून न घेणे, हा आहे.

आपल्याकडे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हिवाळे, साळवे, कांबळे या आपल्या आडनावांतील 'ळ' रोमन लिपीत मावत नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी पुष्कळदा रोमन अक्षरांत आहेत. त्यांवरून पुन्हा मराठी करताना 'साळवे'चे 'साल्वे' होते. मग शाळेच्या दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरे. आमच्या ओळखीच्या एका विधवेची वारसनोंद अशाच एका अक्षरापायी एका कार्यालयात कितीतरी महिने अडकली. स्वतःचे आडनाव ती बाई साठ वर्षे एकाच तऱ्हेने उच्चारीत आली होती. तेवढे मात्र कोणी तिला विचारले नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र तिला करावे लागले.

म्हणून आता नोंद करताना आम्ही आईला नाव मोठ्याने उच्चारावयास सांगतो, ते आधी देवनागरीत लिहितो आणि तिला वाचून दाखवितो. यास दोन मिनिटे अधिक लागतात. मागे उभे असलेले पाहुणे घड्याळाकडे पाहतात, पाहोत.

गुंता वेगळ्याच ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईत वाढलेली नातवंडे सुट्टीत गावी येतात आणि आपले नाव 'साल्वे' असेच सांगतात. आजोबा रागावतात. आजोबांचा राग आम्हांस समजतो. पण आमच्याच उत्तराप्रमाणे पाहिले, तर त्या मुलांच्या तोंडचे नाव आज तेच आहे, मॅकेन्झीसारखे. त्यांना आम्ही दुरुस्त करीत नाही. आजोबांना मात्र आम्ही 'ळ'नेच हाक मारतो, जरा ठासून.