ज्या दुखण्याला ताप येत नाही

न्याय म्हणजे काय, हा प्रश्न ग्रंथांतून बहुधा राजाला किंवा न्यायाधीशाला विचारलेला आढळतो. आमच्या मते तो अधिक कठीण स्वरूपात विचारला जातो महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. राजाजवळ कोठार असते आणि न्यायाधीशाचा चुकलेला निवाडा फिरविणारा कोणी त्याच्या वर बसलेला असतो. ज्या घरात शिल्लक रक्कम एक आणि दुखणी तीन, त्या घरातील कर्त्या माणसाला यांपैकी एकही आधार नसतो. तो निवाडा देतो आणि त्याच माणसांच्या पंगतीत जेवावयास बसतो.

असे एक घर आमच्या निकटच्या परिचयाचे आहे. तंजावरच्या जुन्या किल्ल्यातील एका वीथीत, मागच्या चौकात विहीर असलेले ते घर. पिढ्यान्‌पिढ्या तेथे मराठी बोलली जाते. ती आता आमच्या मराठीपेक्षा निराळी झाली आहे, पण मराठीच आहे. घरातील आजींची मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली असून आठवड्यातून दोन वेळा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे पडत नाहीत हे खरे; परंतु रिक्षाचे भाडे, बाहेरून आणावी लागणारी औषधे, वेगळे पथ्याचे जेवण आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला दिवस यांचे पैसे पडतातच. मुलगा एका तांदूळ-व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा कुळाकडे आहे. त्याचे जे काही येते ते सांबा पीक निघाल्यावर, पोंगलच्या पुढेमागे. सून घरी शिवणकाम करते. दोन मुले. थोरली मुलगी हुशार. धाकट्या मुलाला नववे वर्ष लागले तरी वाचता येत नव्हते.

वाचता येत नव्हते म्हणजे अक्षरे ठाऊक नव्हती असे नव्हे. एकेक अक्षर विचारले तर तो सांगे. पाच अक्षरे एका ओळीत आली की वाट चुकलेल्या माणसासारखा थांबे. तमिळ कसेबसे निघे, इंग्रजी मुळीच नाही. पण हाच मुलगा ऐकलेली गोष्ट शब्द न सांडता परत सांगे. आजीला रोज वर्तमानपत्र वाचून दाखविले जाई, त्यातील मेट्टूर धरणाची पातळी त्याला महिनाभराची तोंडपाठ असे. धरण 120 फुटांना भरते, आणि 12 जूनला पाणी सुटले तर कुरुवै साधते, हे तो एखाद्या जुन्या मिरासदाराच्या गांभीर्याने सांगे. शाळेच्या वहीत मात्र शेरा येई: लक्ष देत नाही. मग घरी मार बसे.

या घरात आम्हांस मामा म्हणतात. सुनेने एकदा आम्हांस विचारले, मुलाला चेन्नईला नेऊन कोणाला दाखवावे काय? आम्ही म्हटले, आधी आजींचे बघा, मुलाचे पुढे पाहू. मुले उशिरा का होईना शिकतात. हे आम्ही विचारपूर्वक बोललो होतो. त्या बोलण्यात चूक कोठे झाली, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

क्रम लावण्यात चूक झाली असे आम्हांस आजही वाटत नाही. डायलिसिस चुकला तर आठवड्याच्या आत प्राणाशी गाठ असते. वाचनाची चाचणी महिनाभर लांबली तर कोणी मरत नाही. ज्याची वेळ टळू शकत नाही ते आधी, हा नियम निर्दय नाही. सर्वांस समान वाटा देणे हाच न्याय मानला तर आजींचे उपचार अर्धे आणि मुलाचे शिक्षण अर्धे, असा दोघांच्याही कामी न येणारा हिशेब होईल. चूक त्यापुढच्या पायरीवर झाली. पैसा आता देता येत नाही, एवढेच म्हणून आम्ही थांबलो नाही. दुखणे नाहीच, असे आम्ही म्हणून टाकले. ओढगस्तीच्या घराला नव्या देण्याची कबुली परवडत नाही. दुखणे मान्य केले की त्याचा खर्च उभा राहतो. आळस म्हटले की खर्च मुलाच्या अंगावर जातो. दोष देणे निदानापेक्षा फार स्वस्त पडते. आजींना कोणी म्हणाले नाही की तुमची मूत्रपिंडे मन लावून काम करीत नाहीत. मुलाला मात्र रोज तेच सांगितले गेले, कारण त्याच्या दुखण्याला ताप येत नव्हता.

हे दुखणे नवे नाही. 1896 मध्ये इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने पर्सी नामक चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चलाख, दृष्टी निर्दोष, गणितात बरा. पण स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गनने नोंदविले आहे. या विकाराचा आरंभीचा अभ्यास ग्लासगोच्या जेम्स हिन्शेलवुडसारख्या नेत्रवैद्यांनी केला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मूल वाचीत नाही म्हणून ते डोळ्याच्या डॉक्टराकडे येई, आणि डोळा तर निरोगी निघे. नेत्ररोग्यांची चित्रे आणि नोंदी सरफोजी राजांच्या काळापासून ज्या गावाच्या सरस्वती महालात जपलेल्या आहेत, त्या गावात तरी डोळा पाहतो आणि वाचणारा कोणी निराळाच असतो, हे समजावयास अडचण पडू नये. पुढे डिस्लेक्सिया हे नाव रूढ झाले. मद्रासेत या कामासाठी 1991 मध्ये संस्था निघाली, मुंबईत 1996 मध्ये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले.

कायद्याने परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींची वाट मोकळी झाली. पण त्या सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी चाचण्या, चाचण्यांसाठी खेपा, आणि खेपांसाठी तेच दिवस जे आधीच रुग्णालयाच्या बाकावर गेलेले असतात. हक्क मिळाला तरी तो आणावयास जाणारे माणूस घरात मोकळे असावे लागते.

आता त्या मुलाच्या बापाविषयी. हा मनुष्य कठोर नाही. आईला उचलून रिक्षात बसविताना आम्ही त्याला पाहिले आहे. मग मुलावर हात का उगारी? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणी मिळाले. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी तमिळनाडूतच, विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै या भागांतील 464 ऊस-शेतकऱ्यांची पाहणी केली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच शेतकऱ्याला पीक हाती येण्यापूर्वी, हात आखडलेला असताना, आणि पीक निघाल्यावर, हाती पैसा असताना, त्याच प्रकारची बुद्धीची कोडी घातली. पिकापूर्वी तोच मनुष्य मंद ठरला, पिकानंतर तरतरीत. निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी पुढे काही विद्वानांनी शंका घेतल्या. पण ज्याने महिनाअखेरीचा हिशेब केला आहे त्याला यातील मर्म सांगावे लागणार नाही. चिंता ही मनातली भाडेकरू नव्हे. ती घरच बळकावते.

आमचा हिशेबनीस मार्गशीर्षात चुकतो. बेरजेत आकडा उलटा लिहितो, आजींच्या गोळीची वेळ विसरतो, किल्ली दाराला तशीच ठेवून निघून जातो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. बिचाऱ्याच्या डोक्यावर किती ओझे, असे सगळे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्याच रात्री तो मुलाला उलटे लिहिलेल्या अक्षरासाठी मारतो. एकाच छपराखाली दोन माणसे एकाच प्रकारच्या चुका करतात. एकाच्या चुकीला कारण मिळते, दुसऱ्याच्या चुकीला शिक्षा. बापाची चिंता सर्वांना दिसते. मुलाचा अडसर दिसण्याची सोय नाही.

येथे एक आक्षेप येतो व तो हलका नाही. अशा नावांनी आळसाला पांघरूण मिळत नाही काय? मिळत असेल, क्वचित. पण ज्या मुलाने अर्धा तास एका ओळीशी झुंज दिली, त्याने दहा ओळी सहज वाचणाऱ्या बहिणीपेक्षा अधिक कष्ट केलेले असतात. आळशी माणूस इतका दमत नाही. (बहिणीचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो: तिच्याविषयी त्या घरात कधी काही बोलले गेल्याचे आम्हांस आठवत नाही. ती पाणी भरते, आजींच्या गोळ्या मोजते, भावाला शिकवते आणि पहिली येते. तिच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न आम्हीही आजवर विचारला नव्हता.)

अक्षराविषयीची आपली भक्तीही या प्रकरणी निर्दोष नाही. या गावी समर्थांच्या शिष्यांचे मठ झाले आणि दासबोधाचे पठण चालत आले. त्या ग्रंथात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास आहे. सुंदर, सुटे, सारखे अक्षर हा आपल्याकडे शीलाचा भाग मानला गेला. त्याच ग्रंथाने पढतमूर्खाचीही लक्षणे सांगितली. म्हणजे वाचूनही मूर्ख राहता येते हे आपण तीन शतके जाणतो. न वाचताही शहाणे असता येते, ही त्याच विचाराची दुसरी बाजू मात्र आपल्या तोंडी येत नाही.

इतिहासाने आमच्यापुढे एक मुलगा ठेवला होता. तुळजाराजांनी 1787 मध्ये दत्तक घेतलेला दहा वर्षांचा सरफोजी. तुळजाराजांच्या मृत्यूनंतर अमरसिंहाच्या अमलात त्याला कोंडल्यासारखे ठेवले गेले, शिक्षणाची आबाळ झाली. मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी तक्रारी केल्या, आणि अखेर 1793 मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. तो मागे पडला म्हणून त्याला कोणी मंदबुद्धी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही, कारण दाराला लागलेली कडी सर्वांना दिसत होती. 1798 मध्ये तो गादीवर आला. सरस्वती महालाचे आजचे वैभव मुख्यतः त्याच्या हौसेचे फळ आहे. 1802 मध्ये त्याने ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथे अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे आणि आजाऱ्याला औषध मिळे. भूक, विद्या आणि आजार यांची दारे त्या छत्रात वेगवेगळी नव्हती. आज ती तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत आहेत, आणि एका घरातील एकाच बाईला तिन्ही ठिकाणी रांगेत उभे राहावे लागते.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही त्या बापलेकांसह मोठ्या देवळात गेलो होतो. भोसले वंशाचा 1803 चा मराठी लेख तेथे भिंतीवर देवनागरीत कोरलेला आहे. मुलाने बापाला विचारले, हे आपल्या भाषेत आहे ना, काय लिहिले आहे? बाप जन्मभर मराठी बोलत आला, पण शिकला तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी त्याला येत नाही, तंजावरातील पुष्कळ मराठी घरांतून आता हीच स्थिती आहे. तो म्हणाला, मला वाचता येत नाही. मुलगा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आप्पा, मग तुम्हांला कोणी मारलं नाही?"

बाप काही बोलला नाही. आम्हीच मध्ये पडून लेखाचा आरंभ वाचून दाखवू लागलो. मुलाने तो एकदा ऐकला आणि बाहेर पडताना नंदीपाशी येईपर्यंत चार-पाच नावे क्रमाने परत म्हणून दाखविली.

पोंगलनंतर कुळाने पैसे आणून दिले. ते पुष्कळ नव्हते. आजींच्या औषधांची उधारी फिटली आणि थोडे उरले. एका संध्याकाळी हिशेबाची वही घेऊन तो आमच्याकडे आला. मुलाची चाचणी ठरविली होती. चेन्नईच्या गाडीचे भाडे आणि चाचणीची फी लिहावयाची होती. त्याच्या वहीत दोन रकाने होते, औषध आणि शाळा. हा खर्च कोणत्या रकान्यात धरावा, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, कोणत्याच नको; तिसरा काढा. त्याने पट्टी मागितली, रेघ ओढली आणि वर मुलाचे नाव तमिळमध्ये लिहिले. मग रेघ थोडी तिरपी आली म्हणून रबर मागितले.